विकलेल्या मालाचा वाद: माल उतरल्यापासून दाव्यापर्यंत काय, कधी आणि कोणत्या क्रमाने करावे

कोल्हापूर परिसरात शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतला कारखाना असो, नाहीतर लक्ष्मीपुरीतले घाऊक दुकान, मालाच्या वादाच्या बहुतेक फायली एकाच वळणाने जातात. माल येतो, वापरायला घेतला जातो, दोष निघतो, फोनवर बोलणे होते, "पुढच्या बिलात बघू" असे ठरते, तीन-चार महिन्यांनी बिलातून परस्पर रक्कम कापली जाते आणि मग दोन्ही बाजू वकिलाकडे धाव घेतात. तोपर्यंत दोष कोणाचा हा प्रश्न मागे पडलेला असतो. कोणी काय लिहिले आणि केव्हा लिहिले, एवढ्यावरच पुढचे सारे ठरायची वेळ आलेली असते. खाली दिलेला क्रम माल घेणारा आणि माल देणारा अशा दोघांसाठी आहे. तो मोडला तर खरी बाजू असलेला माणूसही हरू शकतो.

टप्पा १: आपला व्यवहार कोणत्या कायद्यात बसतो ते आधी ठरवावे

किंमत घेऊन मालाची मालकी दुसऱ्याला देणे म्हणजे विक्री, आणि तिला माल विक्री अधिनियम, १९३० लागू होतो. त्यात जे सांगितलेले नाही, तिथे करार कायदा, १८७२ लागू होतो. नुकसानभरपाईचे कलम ७३ आणि दंडाच्या अटीचे कलम ७४ तिथलेच. उद्यमनगरात मात्र अनेकदा कच्चा माल गिऱ्हाइकाचा आणि फक्त मशीनिंग आपले असा लेबर जॉब असतो. ती मालाची विक्री नव्हे. माल विक्री कायद्यातल्या गुणवत्तेच्या शर्ती तिथे आपोआप लागू होत नाहीत. जॉबच्या करारात काय ठरले ते पाहावे लागते. जॉबच्या वादात विक्रीची कलमे घालून पाठवलेली नोटीस पहिल्याच उत्तरात उघडी पडते.

घरच्या वापरासाठी घेतलेल्या वस्तूचा वाद ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे नेता येतो. मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि मुदत दोन वर्षांची. व्यापारी हेतूने घेतलेल्या मालाला हा रस्ता बंद आहे. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः चालवायला घेतलेल्या यंत्राचा अपवाद आहे खरा, पण चार कामगार ठेवून चालणाऱ्या कारखान्याने त्याच्या भरवशावर राहू नये. येथून पुढे व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतल्या वादांबद्दलच लिहिले आहे.

टप्पा २: कागद तारखेच्या क्रमाने लावावेत

कोटेशन, परचेस ऑर्डर, ऑर्डर स्वीकारल्याचा मेल, ड्रॉइंग (कोणती सुधारित आवृत्ती, तेही), डिलिव्हरी चलन, ई-वे बिल, वजनकाट्याची पावती, इनवर्ड रजिस्टरची नोंद, तपासणी अहवाल, बिल आणि त्यानंतरचा सगळा पत्रव्यवहार. हे विषयवार न लावता निव्वळ तारखेने लावावे. असे लावले की एक गोष्ट लगेच दिसते: करार नेमका कोणत्या कागदावर पूर्ण झाला.

या प्रश्नाला फार महत्त्व आहे, कारण परचेस ऑर्डरच्या मागे घेणाऱ्याच्या अटी असतात आणि बिलाच्या तळाशी देणाऱ्याच्या. "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही", "२४ टक्के व्याज आकारले जाईल", "वाद कोल्हापूर न्यायकक्षेत" ही बिलावरची ठरावीक वाक्ये. पण बिल बहुधा करार झाल्यानंतर येते. आधीच पक्क्या झालेल्या करारात एका बाजूने मागाहून छापलेली अट दुसऱ्या बाजूने मान्य केल्याचे दाखवावे लागते. नुसते छापून ती लागू होत नाही. म्हणून विक्रेत्याने हीच वाक्ये कोटेशनमध्ये घालावीत आणि ऑर्डर त्या कोटेशनचा क्रमांक देऊन यावी, असा आग्रह धरावा. यासाठी खर्च काहीच येत नाही, तरी फार थोडे लोक हे करतात.

व्हॉट्सॲपवरील बोलणे पुराव्यात येऊ शकते, पण नुसत्या स्क्रीनशॉटने काम भागत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीबरोबर प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि त्यात उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याचा एक भाग व तज्ज्ञाचा दुसरा भाग असतो.

सावधान: वाद सुरू झाल्यावर फोन बदलू नये, चॅट पुसू नये. पर्चेस विभागातला माणूस नोकरी सोडून जात असेल तर त्याच्या फोनमधले व्यवहाराचे बोलणे आधी एक्सपोर्ट करून घ्यावे.

टप्पा ३: माल उतरवतानाच जागा राखून ठेवावी

चलनावर बहुधा "माल मोजून व तपासून चांगल्या स्थितीत मिळाला" असे छापलेले असते आणि गेटवरचा माणूस त्याखाली सही ठोकतो. त्याच्या हातात तपासायला वेळ नसतो, साधनही नसते. म्हणून सहीच्या वर हाताने "नग मोजले, गुणवत्ता तपासणीच्या अधीन" असे लिहायची सवय लावावी. माल विक्री कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे (पुढेही कायद्याचे नाव नसलेली कलमे याच कायद्याची), आधी न पाहिलेला माल तपासायची वाजवी संधी मिळेपर्यंत तो स्वीकारला असे धरले जात नाही, पण आपल्याच सहीखालचे वाक्य विरोधात गेले की ते खोडण्यात शक्ती जाते.

नग कमी आले तर कलम ३७ प्रमाणे सगळा माल नाकारता येतो, किंवा आलेला घेऊन तेवढ्याचेच पैसे कराराच्या दराने देता येतात. जास्त आले तर ठरलेले घेऊन वरचे नाकारता येतात, सगळेच नाकारता येतात, आणि सगळे ठेवून घेतले तर सगळ्यांचे पैसे द्यावे लागतात. वर आलेले नग "राहू देत, पुढच्या ऑर्डरीत धरू" म्हणून गोदामात ठेवणे म्हणजे ते विकत घेणेच होय, हे लक्षात ठेवावे.

वाटेत माल फुटला असेल तर प्रश्न धोका कोणाकडे होता याचा. वेगळे काही ठरले नसेल तर धोका मालकीबरोबर जातो, आणि करारानुसार माल ट्रान्सपोर्टकडे सोपवणे ही सकृतदर्शनी घेणाऱ्यालाच दिलेली डिलिव्हरी ठरते. तेव्हा "माल माझ्या गेटपर्यंत आला नाही, मी पैसे का देऊ" हे म्हणणे दर वेळी टिकत नाही. वाहतूकदारावर दावा करायचा असेल तर त्याला बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत लेखी नोटीस गेलेली असावी लागते. देणारा-घेणारा एकमेकांशी भांडत बसतात आणि हे १८० दिवस निघून जातात.

टप्पा ४: तपासणी, आणि ती करताना माल 'स्वीकारला' न जाणे

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा हाच, आणि सर्वाधिक नुकसानही इथेच होते.

कलम ४२ प्रमाणे माल तीन प्रकारांनी स्वीकारला जातो. घेणाऱ्याने तसे कळवले तर. माल हाती आल्यावर विक्रेत्याच्या मालकीशी विसंगत असे काही त्याने केले तर. किंवा नाकारल्याचे न कळवता वाजवी काळाहून अधिक काळ माल ठेवून घेतला तर. यातला दुसरा प्रकार आपल्याकडच्या फाउंड्री (ओतकामाचा कारखाना) आणि मशीनशॉपच्या व्यवहारात रोज घडतो. कास्टिंग (ओतून केलेला भाग) मशीनवर चढवून त्याला भोके पाडली, फेस मारला (पृष्ठभाग कापून सपाट केला), की ते कास्टिंग जसे आले तसे परत देता येत नाही.

आणि स्वीकारल्यानंतर काय? कायद्यात शर्त आणि हमी असे दोन दर्जे आहेत. शर्त मोडली तर माल नाकारता येतो. हमी मोडली तर फक्त भरपाई मिळते, माल नाकारता येत नाही. वर्णनाबरहुकूम माल (कलम १५), सांगितलेल्या कामाला योग्य व बाजारात चालण्याजोगा माल (कलम १६) आणि नमुन्याप्रमाणे माल (कलम १७) या शर्ती आहेत. पण करार एकसंध असेल आणि घेणाऱ्याने मालाचा काही भाग जरी स्वीकारला असेल, तर कलम १३ प्रमाणे शर्तीचा भंगही हमीच्या भंगासारखाच धरला जातो. म्हणजे माल परत करायचा हक्क जातो, भरपाईचा तेवढा उरतो. करारात वेगळे लिहिले असेल तर मात्र ते लागू होते.

उदाहरण घेऊ. समजा शिरोलीच्या एका फाउंड्रीने गोकुळ शिरगावच्या मशीनशॉपला पंपाच्या बॉडीची ५०० कास्टिंग ८५० रुपये नगाप्रमाणे दिली. बिल ४,२५,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी ७६,५००. मशीनशॉपने ६० नग लावले आणि २२ नगांत फेस मारल्यावर ब्लोहोल (ओतताना आत राहिलेल्या पोकळ्या) उघडे पडले. हा दोष वरून दिसणारा नव्हता, त्यामुळे "घेताना का पाहिले नाही" हे फाउंड्रीचे म्हणणे इथे चालणार नाही; तपासणीत दिसायलाच हवा होता अशा दोषापुरतीच ती पळवाट कलम १६ मध्ये आहे. पण ६० नग मशीनवर गेलेले आहेत. उरलेले ४४० परत करता येतील का, याचे उत्तर परचेस ऑर्डरीत "मशीनिंगनंतर आढळलेल्या कास्टिंगदोषासाठी नग बदलून द्यावे लागतील व लॉट नाकारता येईल" असे वाक्य आहे की नाही, आणि डिलिव्हरी लॉटनिहाय स्वतंत्र ठरली होती की नाही, यावर फिरते. हे वाक्य नसेल तर वाद घालता येईल, पण पाय भुसभुशीत जमिनीवर राहतील.

यावर उपाय शॉपफ्लोअरवरच आहे. माल आल्यावर हीट नंबरप्रमाणे (एका वेळी वितळवलेल्या धातूचा क्रमांक) ढीग वेगळे करावेत, प्रत्येक हीटमधले चार-पाच नग नमुना म्हणून मशीनवर लावावेत, आणि "नमुना तपासणी, लॉट स्वीकारलेला नाही" अशी नोंद तपासणी अहवालावर करून तो त्याच दिवशी फाउंड्रीला मेल करावा. दोष निघाला की मशीन थांबवावे. "डिस्पॅच गाठायचा आहे, चांगले निघतील तेवढे काढू" म्हणून आणखी २०० नग ओढले की माल नाकारण्याचा हक्क आपणच कापून टाकतो. ठेकेदाराला थांबवणे जिवावर येते हे खरे, पण निर्णय त्याच तासाला घ्यायचा असतो.

नमुन्यावर सौदा होत असेल, उदाहरणार्थ इचलकरंजीचे ग्रे (प्रक्रिया न केलेले कोरे) कापड, तर नमुन्याचा तुकडा दोघांच्या सहीने सीलबंद करून दोघांकडे एकेक ठेवावा. वाद उठल्यावर ज्याच्याकडे सीलबंद नमुना नाही, त्याच्या नमुन्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. तसेच "अमुक ब्रँडचीच मोटर द्या" असे सांगून घेतले असेल, तर ती आपल्या कामाला योग्य नव्हती अशी तक्रार सहसा टिकत नाही. निवड आपली होती.

तपासून पाहा: पुरवठादार उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उत्पादक आहे का? असेल तर २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) विकास कायद्यानुसार माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत गेली नाही, तर पैसे देण्याच्या मुदतीपुरता तो माल स्वीकारलेला धरला जातो आणि देय तारखेचे घड्याळ सुरू होते. पुरवठादार कोणीही असला तरी हेच १५ दिवस आपली शिस्त म्हणून पाळावेत, असे माझे मत आहे. "वाजवी काळ" किती, यावर न्यायालयात वाद घालण्यापेक्षा ते सोपे आहे.

टप्पा ५: हरकतीचे पत्र

पत्र लहान असावे आणि त्यात राग नसावा. वरच्या उदाहरणात ते असे होईल:

"आपल्या दि. … च्या चलन क्र. … ने आलेल्या ५०० नगांपैकी ६० नग मशीनिंगला घेतले असता २२ नगांच्या सीटिंग फेसवर ब्लोहोल आढळले. नगांचे हीट नंबर व फोटो सोबत जोडले आहेत. हे २२ नग आमच्या पीओ क्र. … मधील ड्रॉइंग व अटींप्रमाणे नसल्याने आम्ही ते नाकारत आहोत. उरलेल्या ४४० नगांचे काम थांबवले असून ते वेगळे ठेवले आहेत व ते आम्ही स्वीकारलेले नाहीत. आपण दि. … पर्यंत आपला प्रतिनिधी पाठवून संयुक्त तपासणी करावी. न आल्यास आम्ही त्रयस्थ प्रयोगशाळेकडून तपासणी करून घेऊ व तिचा खर्च आपणाकडून मागू. आमचे सर्व हक्क राखून."

मेल करावा आणि पोचपावतीसह स्पीड पोस्टनेही पाठवावे. "क्वालिटी बरोबर नाही" एवढेच लिहिलेल्या पत्राला हरकत म्हणता येत नाही. कोणता नग, कुठे, ड्रॉइंगच्या कोणत्या मापाविरुद्ध, हे आलेच पाहिजे. नाकारलेला माल विक्रेत्याकडे पोहोचवण्याची जबाबदारी वेगळे ठरले नसेल तर घेणाऱ्यावर नाही. कलम ४३ प्रमाणे नाकारल्याचे कळवणे पुरते. मात्र तोपर्यंत तो नीट सांभाळावा लागतो. भंगारात विकणे, उघड्यावर पावसात टाकणे चालणार नाही.

हे पत्र विक्रेत्याच्या हाती आले तर त्याने काय करावे? गप्प बसू नये, आणि "ठीक आहे, बघू" असेही लिहू नये. ते पुढे कबुलीसारखे वाचले जाते. आठवड्याच्या आत माणूस पाठवावा, संयुक्त तपासणीचा कागद जागेवरच करावा, आणि जे मान्य नाही ते त्याच कागदावर मान्य नाही असे लिहावे. स्पेक्ट्रो (धातूतल्या घटकांची चाचणी) आणि हार्डनेसचे स्वतःचे रिपोर्ट असतील तर तेव्हाच द्यावेत.

टप्पा ६: पैशाचा हिशेब, आणि जीएसटीचे कागद

वरच्या उदाहरणात २२ नगांची किंमत १८,७०० रुपये. नगामागे मशीनिंगचा खर्च १४० रुपये धरला तर तो ३,०८० रुपये. दोन्ही मिळून २१,७८० रुपये, शिवाय नेण्या-आणण्याचा खर्च. ही रक्कम किमतीतून वजा करायचा हक्क कलम ५९ देते. पण म्हणून सगळे ४,२५,००० अडकवून ठेवणे योग्य नाही. जे ३८ नग चांगले निघाले त्यांचे पैसे द्यावेत, ४४० नगांबद्दल वाद का आहे ते लेखी सांगावे. सगळे पैसे अडकवणारा न्यायालयात प्रामाणिक दिसत नाही, आणि पुरवठादार एमएसएमई असेल तर वर चक्रवाढ व्याजाचा भार येऊ शकतो.

"माझी पुण्याची ऑर्डर गेली, तिचा नफा द्या" ही मागणी बहुधा फेटाळली जाते. करार करताना अशा नुकसानीची शक्यता दोघांनाही माहीत असेल तरच करार कायद्याच्या कलम ७३ खाली ती मिळते. त्यामुळे माल कोणाच्या ऑर्डरीसाठी, कोणत्या तारखेच्या डिस्पॅचसाठी हवा आहे, हे परचेस ऑर्डरीतच एका ओळीत लिहावे. नुकसान कमी करायचे जे उपाय हाताशी होते ते न योजल्यास तेवढी भरपाई कापली जाते, हेही त्याच कलमात आहे.

जीएसटीत एक चूक सरसकट दिसते. घेणारा "डेबिट नोट" काढतो आणि काम झाले असे समजतो. ती त्याची हिशेबाची सूचना झाली. जीएसटी कायद्याच्या कलम ३४ खालची क्रेडिट नोट पुरवठादारानेच काढायची असते. त्यात कर कमी करून घ्यायचा असेल तर संबंधित आर्थिक वर्ष संपल्यानंतरचा ३० नोव्हेंबर किंवा वार्षिक विवरणपत्र भरल्याची तारीख, यांपैकी आधीची ही शेवटची मर्यादा. दुसरी, कमी दिसणारी पण जास्त महागात जाणारी चूक म्हणजे दोषापोटी घेतलेल्या क्रेडिट नोटेवर कारण म्हणून "दरफरक" लिहिणे. लेखनिकाला ते सोयीचे वाटते. पुढे दोन वर्षांनी माल सदोष असल्याचा पुरावा शोधताना आपल्याच वहीत "दरफरक" सापडतो. शिवाय बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे न दिल्यास घेतलेले इनपुट क्रेडिट (खरेदीवरच्या कराची वजावट) उलटवावे लागते, म्हणून वाद लांबवताना ही तारीखही डोळ्यासमोर असावी.

टप्पा ७: पैसे न मिळालेल्या विक्रेत्याचे उपाय

माल अजून ताब्यात असेल तर विक्रेत्याचा हात वर असतो. उधारीची मुदत नसेल किंवा ती संपली असेल, तर किंमत मिळेपर्यंत माल अडवून ठेवता येतो. माल वाटेत असताना घेणारा देणी भागवेनासा झाल्याचे कळले तर वाहतूकदाराला कळवून तो थांबवता येतो. एकदा माल घेणाऱ्याच्या ताब्यात गेला की हे दोन्ही हक्क संपतात.

सौदा करून माल न उचलणाऱ्याविरुद्ध फेरविक्रीचा उपाय आहे. शाहू मार्केट यार्डातल्या गुळाचे पाहू. समजा बाहेरच्या राज्यातल्या व्यापाऱ्याने फोनवर सौदा पक्का केला, मेलने खात्री दिली आणि भाव उतरल्यावर माल उचलायला नकार दिला. इथे कलम ५४ प्रमाणे फेरविक्री करण्याआधी तशी नोटीस द्यावी आणि वाजवी वेळ द्यावा. नाशवंत मालाला नोटिशीची गरज नाही, पण गूळ त्यात बसतो की नाही यावर वाद होऊ शकतो. तेव्हा दोन-तीन दिवसांची का होईना, नोटीस द्यावीच. नोटीस न देता विकल्यास तूट मागता येत नाही, आणि नफा झाला तर तो उलट घेणाऱ्याला द्यावा लागतो. भरपाई म्हणजे करारातला दर आणि माल उचलायच्या दिवशीचा बाजारभाव यांतला फरक. तो सिद्ध करायला बाजार समितीच्या नोंदीतला त्या दिवसाचा, त्या प्रतीचा दर मिळवून ठेवावा. वर्तमानपत्रातले कात्रण त्यापुढे दुबळे ठरते.

सावधान: "पैसे दिले नाहीत, म्हणजे माल अजून माझाच" हा समज चुकीचा आहे. मालकी राखून ठेवल्याची स्पष्ट अट नसेल तर उधारीतही मालकी घेणाऱ्याकडे जाते. टेंपो नेऊन माल उचलून आणला तर फिर्यादी व्हायचे ते आरोपी होतात.

पोलिसांत तक्रार करून पैसे काढण्याचा आडमार्गही फारसा उरलेला नाही. दिल्ली रेस क्लबच्या घोड्यांच्या खाद्याच्या थकीत बिलांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितले की विक्रीने मालकी गेल्यावर नुसती किंमत न देणे हा विश्वासघाताचा गुन्हा होत नाही. उपाय दिवाणी आहे. चेक न वटल्यास मात्र निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचे कलम १३८ आहे, आणि त्यातले आकडे लवचिक नाहीत: बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यापासून १५ दिवस पैसे द्यायला, आणि तेही सरल्यावर एका महिन्यात तक्रार. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी कारण द्यावे लागते.

टप्पा ८: मुदत मोजावी, आणि लेखी मोजावी

किमतीच्या दाव्याला तीन वर्षे. उधारीची मुदत ठरली नसेल तर माल दिल्याच्या तारखेपासून, ठरली असेल तर ती संपल्यापासून. प्रत्येक बिलाची मुदत स्वतंत्र चालते. "आमचे चालू खाते आहे, मुदत लागत नाही" हे वाक्य ऐकले की समजावे, पहिली बिले बहुधा गेली. एकाने माल द्यायचा आणि दुसऱ्याने पैसे द्यायचे एवढ्याने खाते कायद्याच्या अर्थाने परस्परांचे होत नाही.

मुदत नव्याने सुरू करायचे दोन मार्ग आहेत: मुदतीच्या आत सही करून दिलेली लेखी कबुली, किंवा मुदतीच्या आत दिलेली आणि लेखी नोंद असलेली अंशतः रक्कम. फोनवरचे "देतो हो दिवाळीनंतर" याने काहीच वाढत नाही. दर ३१ मार्चला बाकीचे पत्र सही-शिक्क्यानिशी घ्यावे. व्यवहार गोडीत चालू असतो तेव्हाच ते मिळते.

घेणाऱ्याने कोणत्या बिलापोटी पैसे दिले हे सांगितले असेल तर तिथेच जमा करावे लागतात. सांगितले नसेल तर विक्रेता ते कोणत्याही बिलाला, अगदी मुदतबाह्य बिलालासुद्धा, लावू शकतो. म्हणून पैसे देणाऱ्याने ट्रान्सफरबरोबर बिल क्रमांक लिहावा आणि विक्रेत्याने "ऑन अकाउंट" आलेल्या रकमेची जमा कुठे केली ते लगेच कळवावे.

टप्पा ९: नोटीस आणि दार कोणते ठोठवायचे

प्रथम करारात लवादाचे कलम आहे का ते पाहावे. ते असताना सरळ दावा लावला तर समोरचा त्यावर बोट ठेवून प्रकरण लवादाकडे पाठवून घेतो.

पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर एमएसएमई कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. पैसे ठरलेल्या तारखेला, पण कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत. काहीच ठरले नसेल तर १५ दिवसांत. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिपटीने, दरमहा चक्रवाढ व्याज. परिषदेच्या निवाड्याला आव्हान द्यायचे तर घेणाऱ्याला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते, म्हणून हे दार जड आहे. पण उद्यम नोंदणी व्यवहाराच्या आधीची हवी असे धरूनच चालावे. आणि निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला उद्यम प्रमाणपत्र मिळत असले तरी ते प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरते आहे; उशिराच्या पैशांसाठी त्याचा आधार घेता येत नाही.

बाकीच्यांसाठी, वादाची रक्कम तीन लाख किंवा अधिक असेल तर वाणिज्यिक न्यायालये कायदा, २०१५ लागतो. तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर दाव्याआधी कलम १२अ ची मध्यस्थी सक्तीची आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पाटील ऑटोमेशनच्या प्रकरणात ठरवल्याप्रमाणे ती टाळून आणलेला दावा दाखलपातळीवरच फेटाळला जातो. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावा. मध्यस्थीला तीन महिने, दोघांच्या संमतीने आणखी दोन. तेवढा काळ मुदतीत मोजला जात नाही. समोरचा आलाच नाही तर तसा अहवाल मिळतो आणि दावा लावायला वाट मोकळी होते. तडजोड झाली तर तिची लवादाच्या निवाड्यासारखी अंमलबजावणी करता येते.

तपासून पाहा: दाव्याबरोबर आपल्या ताब्यातले सगळे संबंधित कागद, आपल्या विरोधात जाणारेही, द्यावे लागतात. "ते मागाहून देऊ" याला न्यायालयाची परवानगी आणि सबळ कारण लागते. टप्पा २ मधली तारीखवार फाइल इथे उपयोगी पडते.

समन्स ज्याच्या हाती पडेल त्याने दिवस मोजायला लागावे. लेखी कैफियत (दाव्याला उत्तर) ३० दिवसांत द्यायची. न्यायालयाने कारण नोंदवून मुदत वाढवली तरी १२० दिवसांपुढे ती घेतलीच जात नाही. साध्या दिवाणी दाव्यातली ढिलाई इथे चालत नाही. माल सदोष होता म्हणून पैसे दिले नाहीत, असा बचाव असेल तर तो आणि भरपाईचा प्रतिदावा दोन्ही याच वेळी मांडावेत, हिशेबासह. "भरपाई नंतर वेगळी मागू" म्हणणाऱ्यांचा बचाव मांडायचा राहून जातो आणि किमतीचा हुकूमनामा आधी होतो.

निकालावर अपील ६० दिवसांत करावे लागते. दावा जिल्हा न्यायाधीशाच्या खालच्या पातळीवरच्या वाणिज्यिक न्यायालयात चालला असेल तर ते जिल्हा पातळीवरच्या वाणिज्यिक अपील न्यायालयात; जिल्हा न्यायाधीशाच्या पातळीवर चालला असेल तर उच्च न्यायालयात. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाची सर्किट बेंच कोल्हापुरातच बसते आणि सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे जिल्हेही तिच्याकडे आहेत, त्यामुळे अपिलासाठी मुंबईच्या फेऱ्यांचा खर्च धरून जी तडजोड पूर्वी स्वीकारली जायची, तिचा हिशेब आता नव्याने मांडावा.